म्हैस, चष्मा आणि माझं लुगडं

डोळ्याचं ऑपरेशन करायला जालन्याला निघाले, तेव्हा मला डोळ्याची काळजी नव्हती, म्हशीची होती. ती माझ्याशिवाय कुणाला धार काढू देत नव्हती. आठ दिवस पान्हा चोरला असता तर आटलीच असती. म्हणून मी अंगावरचं लुगडं बदललं आणि ते तसंच मुलाच्या हातात दिलं.

"धुवू नको. हे नेसून बस तिच्याखाली."

"माय, मला मिशा हायेत."

"ती मिशा बघत न्हाई, वास बघती."

पहिल्या दिवशी म्हणे अर्धी गल्ली गोठ्यापुढे जमली. शेजारीण ओरडली, "वैनीबाई, पदर सावरा!" म्हशीने मात्र लुगडं हुंगलं, रवंथ सुरू केलं आणि चरवी भरून दिली.

ऑपरेशन झाल्यावर मी बदनापूरला लेकीकडे होते. तिने रोज वासाच्या साबणाने माझं अंग पुसलं, पावडर थापली, निघताना नवं पातळ नेसवलं. काळा चष्मा लावून घरी आले. दिसत होतं लख्ख. आल्या आल्या आढ्याची जळमटं दिसली.

"ही कधीपासून गं?" मी सुनेला विचारलं.

"तुमच्याच काळातली हायेत, आत्याबाई. तुम्हाला दिसत नव्हती."

मी गोठ्यात गेले. डॉक्टरने वाकू नका म्हणून सांगितलं होतं. धार काढायला वाकावं लागत नाही, बसावं लागतं. मी बसले. म्हैस फुरफुरली, मागे सरली आणि चरवी लाथाडली. चष्मा काढून तोंड दाखवलं, तर आणखीच फुरफुरली. सगळ्या गावाने मला चष्म्यात ओळखलं होतं. जिला रेडकू असल्यापासून चारा घातला, तिला मी परकी झाले.

दारात मुलगा उभा होता, माझं लुगडं नेसून.

"सर माय. तिला तरास होऊ राह्यला."

मला असा राग आला! "सोड ते लुगडं."

"इथं?"

"आत चड्डी हाय ना? सोड."

नव्या पातळावरूनच मी ते गुंडाळलं. त्याला आता माझा वास कुठला? त्याचा घाम आणि त्याची तंबाखू. म्हशीने बराच वेळ हुंगलं. मग मागचा पाय सैल सोडला आणि पान्हा घातला.

तिला वाटलं, पोरगाच बसलाय. चरवी भरेपर्यंत मी तोंडातून शब्द काढला नाही.