नानांची बदकं आणि माझे पोहे

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात मारलेल्या बदकांची एकूण संख्या शून्य आहे, आणि ते बदकांचे शिकारी आहेत.

तरुणपणी सलग सात हिवाळे नाना त्यांच्या मामाबरोबर बंदूक घेऊन तासगावच्या आसपासची तळी पालथी घालत. पहाटे चारला उठायचं, गुडघाभर चिखलात बसायचं, उन्हं वर आली की सर्दी घेऊन घरी यायचं. पुढे शिकारबंदीचा कायदा आला (या दोघांपुरती बदकांना त्याची काही गरज नव्हती!) आणि मामांची बंदूक गेली. नानांनी दुर्बीण घेतली. चारला उठणं, चिखल आणि सर्दी मात्र चालू राहिली.

सासूबाई गेल्यावर नाना तासगावात एकटे पडले. माझी बायको मंजिरी त्यांना दुबईला बोलावून बोलावून थकली. "तिथं येऊन करू काय? मॉल बघू?" एवढंच उत्तर! शेवटी एकदा मीच फोन हातात घेतला.

"नाना, इथे वाळवंटात तळी आहेत. थंडीत थापट्या, त्या चपट्या चोचीच्या, बदकं येतात. शेकड्यांनी!"

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग हळूच, "तुम्ही पाहिलीत?"

"अहो, दर शनिवारी जातो!" मी ठोकून दिलं.

(अल कुद्राच्या तळ्यांवर मी आयुष्यात एकदा गेलो होतो. ऑफिसच्या बार्बेक्यूला. तेव्हाही माझी पाठ तळ्याकडे आणि तोंड कबाबांकडे होतं.)

पुढच्याच महिन्यात नाना आले. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं आणि पाणी प्यायच्या आधी विचारलं, "शनिवार कधी?"

मंजिरीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, बदकं दिसली तर त्यांचं मन रमेल. व्हिसा वाढवून थंडीभर राहतील. नाही दिसली तर महिना संपला की गेले. रात्रीचं नुसता दूधभात खाऊन झोपतात हो तिथे, एकटे."

"दिसतील, इन्शाल्ला!" मी म्हणालो.

"इन्शाल्ला नको. दाखवा!"

पहिल्या शनिवारी आम्ही अंधारात निघालो, आणि सवयीने मी गाडी थेट दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमच्या वर्कशॉपच्या गेटवर नेली. (मी हॉटेलांच्या किचनसाठी धुराडी, म्हणजे हूड, बनवतो.) रात्रपाळीच्या फोरमनने "अच्छा हुआ सर, आप आ गए" म्हणत तीन अडचणी सांगितल्या. तळ्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि एक जोडपं सेल्फी काढत होतं.

"दर शनिवारी येता ना?" नानांनी शांतपणे विचारलं.

"आज शॉर्टकट घेतला," मी म्हणालो.

दुसऱ्या शनिवारी वेळेवर पोचलो. झुडपात लपण केलं, म्हणजे फांद्यांच्या आडोशाला दोन स्टुलं टाकली. नानांचे नियम तीन : बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं नाही. मी तिन्ही पाळले. खिशातल्या फोनने पाळले नाहीत; तो वाजला आणि बंद करताना माझ्या हातून उचलला गेला. "हबीबी, मेरा हूड किधर है?" एका गिऱ्हाईकाचा आवाज स्पीकरवरून अख्ख्या वाळवंटात घुमला. पाण्यावर जे काय होतं ते उडून गेलं.

तिसऱ्या शनिवारी माझी तेरा वर्षांची मुलगी इरासुद्धा आली, आणि मी गाडी वाळूत रुतवली. तळ्यावरच्या पठाण गार्डने दोरी बांधून ती ओढून काढली, तोवर ऊन चढलं होतं.

"आजोबा, यू डू धिस फॉर फन?" इराने विचारलं. नाना नुसते हसले.

उरला एकच शनिवार. सोमवारी नानांची फ्लाइट. मंजिरी नानांची बॅग भरत होती, काढत होती, पुन्हा भरत होती, आणि मधूनच माझ्याकडे बघत होती. ते बघणं मला सहन होईना. बदकांना काहीही करून त्या तळ्यावर उतरवायचंच, असं मी ठरवलं.

आता विचार केला, आपल्याकडे कुणी घरी यावं, आलं तर बसावं, म्हणून काय करतात? पोहे! मुलगी पसंत नसलेली माणसंसुद्धा पोहे संपेपर्यंत उठत नाहीत. कोरडे पोहे टाकायचा विचार आला होता, पण पाहुण्यांपुढे कोरडे पोहे ठेवायला मन धजेना. मंजिरीला सांगितलं, "उद्या पोहे जरा जास्त कर." पहाटे तिने डबा भरून कांदेपोहे दिले. शेंगदाणे, कोथिंबीर, वरून खोबरं! तळ्यावर नाना आणि इरा स्टुलं मांडत होते तेवढ्यात अंधाराचा फायदा घेऊन मी तो अख्खा डबा काठावर पसरला. लिंबूसुद्धा पिळलं.

उजाडू लागलं. नानांनी माझा गुडघा घट्ट धरला. आकाशात एक काळी रेघ दिसली, जवळ आली, आणि तिची वीस-पंचवीस थापट्या बदकं झाली. त्यांनी तळ्यावर एक फेरी मारली. दुसरी मारली. मग पंख ताणून, पाय पुढे काढून खाली येऊ लागली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण चेहरा पहिलीतल्या पोराचा!

तेवढ्यात एक साळुंकी आली. तिने एक शेंगदाणा उचलला आणि नात्यातल्या सगळ्यांना हाका मारल्या.

पन्नास साळुंक्या आल्या. त्यामागून कबुतरं आली. खोबऱ्यावरून हाणामारी सुरू झाली. तळ्यावरचे दोन मुक्कामी हंस फिस्कारत धावून आले आणि त्यातला एक माझ्या स्टुलावर चढला! मी "हाड! हाड!" करत उभा राहिलो. पाण्यापासून जेमतेम दहा फुटांवर आलेली बदकं वळली आणि उडाली, ती थेट दिसेनाशी झाली.

गार्डची जीप आली. "भाईजान, ये क्या डाला है इधर? खाना डालना मना है!"

"मैंने? कुछ नहीं!" मी रिकामा डबा पाठीमागे धरून म्हणालो.

इराने वाकून पाहिलं. "बाबा... दॅट्स आवर ब्रेकफास्ट."

घरी पोचल्यावर बूट काढायच्या आत इराने आईला सगळं सांगितलं. मंजिरीने माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने बॅगेची चेन लावली.

मला राहवलं नाही. "नाना, चुकलं माझं. मी खोटं बोललो. बदकं बघायला मी कधीच गेलो नव्हतो."

"ते तुम्ही वर्कशॉपच्या गेटवर गाडी नेलीत तेव्हाच कळलं," नाना सोफ्यावर टेकत म्हणाले. डोळे चमकत होते. "जावईबापू, पहिल्या हिवाळ्यात बदक मिळालं असतं ना, तर दुसऱ्या हिवाळ्यात मी अंथरूण सोडलं नसतं. मिळत नाही म्हणून तर माणूस जातो! आज दहा फुटांवर होती. दहा! आता असा जातोय होय मी? तिकीट पुढं ढकला."

मंजिरीने बॅग उघडली आणि हसत, डोळे पुसत, एकेक सदरा बाहेर काढला.

नाना थंडीभर राहिले. बदकं एकदाही उतरली नाहीत. शेवटी बदकं आपल्या देशी गेली आणि नाना तासगावला. पुढच्या थंडीचं तिकीट त्यांनी स्वतःहून मागून घेतलं आहे, आणि ती थंडीही फुकट घालवायची जबाबदारी मंजिरीने माझ्यावर सोपवली आहे.

"मी नेमकं काय करायचं?" मी विचारलं.

"मुद्दाम काही करू नका," ती म्हणाली. "नेहमीसारखे वागा. पुरे."