उंबऱ्याबाहेरचे मास्तर

अकोल्यात कापडाच्या दुकानावरच्या माडीत मास्तर आम्हाला इंग्रजी बोलायला शिकवायचे. कुणी पुस्तक उघडलं की चिडायचे. "वाचता तं साऱ्याईलेच येते. बोलाले काहून भेता?" म्हणत सुपारी गालात सरकवायचे आणि उत्तराची वाट बघत बसायचे. अडलेल्याला शेजाऱ्याने शब्द पुरवलेला त्यांना खपायचा नाही.

शनिवारी ते मुद्दाम उशिरा येत आणि टोपी हातात धरून उंबऱ्याबाहेर थांबत. त्या दिवशी ते कारकून, आम्ही साहेब. आम्ही इंग्रजीत जाब विचारायचा, मगच त्यांना आत घ्यायचं. पण मास्तरांना जाब विचारणार कोण? आम्ही नोकरदार माणसं उठून उभे राहायचो आणि माना खाली घालायचो. तेही तसेच ताटकळत.

बार्शीटाकळीची एक मुलगी नर्सिंगच्या मुलाखतीच्या तयारीला यायची. तिच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. पुढे जागा असली तरी ती दाराशीच बसे. मास्तर तिला कधी पुढे बोलावत नसत. मला ते खटकायचं.

एका शनिवारी तीच उठली. मान वर करून म्हणाली, "यू आर लेट. व्हाय?"

मास्तरांनी इंग्रजीत माफी मागितली, सायकल पंक्चर झाल्याचं सांगितलं. तरी जागचे हलले नाहीत.

"कम इन," ती म्हणाली. "सिट डाउन."

"थँक्यू, मॅडम," म्हणत मास्तर आत आले आणि दाराजवळच्या तिच्याच जागेवर बसले. तिला पुढे जावंच लागलं.