पांचाळ आणि उंडीचं तेल

इंजिन सुरू झालं की पांचाळ उत्तरपत्रिकेचं एखादं कोरं पान एक्झॉस्टच्या तोंडापुढे धरायचे. उमटलेल्या काजळीकडे डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "आज ह्याचं पोट साफ नाय, सर." मग मी धूर मोजायचं यंत्र लावायचो. आकडा त्यांच्याच बाजूने यायचा.

रत्नागिरीच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते प्रयोगशाळेतले मेकॅनिक, मी अधिव्याख्याता. ते देवरूखकडचे, दहावी नापास. मी पुण्याहून एम. ई. होऊन आलेलो. तरी मुलं अडली की त्यांच्याकडे जायची. विभागप्रमुखसुद्धा म्हणायचे, "पांचाळांना विचारलंत का?" ते ऐकलं की माझा जळफळाट व्हायचा. मुलं त्यांच्याभोवती हसत उभी दिसली की मी उगीच जाऊन हजेरीचं विचारायचो.

दोन हजारच्या आसपास मी उंडीच्या तेलावर काम सुरू केलं. किनाऱ्यालगतच्या गावांत पूर्वी दिव्यात जाळायचे ते हे उंडीच्या झाडाच्या बियांचं कडू तेल. त्यावर प्रक्रिया करून ते डिझेलमध्ये मिसळायचं, त्यावर इंजिन चालवायचं, इंधन किती लागतं आणि धूर किती होतो ते मोजायचं. विषय माझा होता. बिया कुठे मिळतील ते मात्र पांचाळांनाच ठाऊक.

निकाल फारच चांगले आले. धूर कमी आणि इंधनही डिझेलपेक्षा कमी. मी हुरळलो, पुण्यातल्या एका परिसंवादासाठी निबंध लिहून काढला. पांचाळ मात्र इंधन मोजायच्या नळीकडे बघत म्हणाले, "सर, ह्या तेलात ताकद कमी. मग ते जास्त लागायला हवं. कमी कसं लागतंय?"

"मोजमापाचं माझ्यावर सोडा. तुम्ही नटबोल्ट बघा."

मुलं तिथेच उभी होती. पांचाळांनी हात पुसले. "बरं, सर," एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी त्यांनी माझ्या टेबलावर एक रबरी वॉशर ठेवला, फुगून मऊ झालेला. "तेलानं रबर खाल्लंन, सर. टाकीचा कॉक पुरता बंदच होत नव्हता. इंजिन नळीतलं पितंय असं आपण धरलं, पण ते टाकीतलंपण चोरून पीत होतं." नवा वॉशर घालून घेतलेल्या सगळ्या नोंदी त्यांनी सुबक अक्षरात लिहून आणल्या होत्या. इंधन किंचित जास्त. धूर मात्र खरोखरच कमी. "प्रमुखांना नाय बोललो. तुमचं तुम्ही सांगा."

मला हायसं वाटायला हवं होतं. आला तो रागच. हेही यांनाच आधी कळावं!

दुरुस्त केलेला निबंध पुण्यात वाचताना मी आधीची चूकही सांगितली. कुणीतरी विचारलं, "चूक सापडली कशी?"

"वॉशर तपासताना लक्षात आलं," मी म्हणालो. कुणाच्या, ते बोललो नाही. निबंधातल्या आभारांतही पांचाळांचं नाव नव्हतं. परत आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "धुराचं पटलं ना त्यांना?" पटलं म्हटल्यावर ते इतके खूश झाले की मला तिथे उभं राहवेना.

पाचेक वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात मला बोलायला सांगितलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. पुण्यात काय बोललो तेही. पांचाळ मान खाली घालून बसले होते. सभागृह उभं राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत राहिलं.

बाहेर पडताना त्यांनी माझा हात धरला. "कशाला ओ सर, सगळ्यांपुढे? माझ्या ध्यानातपण नव्हतं."

ते खरंच बोलत होते. एवढी वर्षं ती गोष्ट मी एकट्यानेच उराशी धरली होती. आणि त्या टाळ्या ऐकताना मला पुन्हा त्यांचा हेवा वाटला, एवढं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.