करंगळीवरचा लाल रंग

माझे भावोजी गाड्यांना रंग मारतात. ठोकलेली गाडी त्यांच्या हाताखालून गेली की कुठे लागलं होतं, हे मालकालाही सापडत नाही. बोलण्याच्या नावाने मात्र आनंद. ताईला बघायला आले तेव्हा आमच्या दाराकडे बघून "प्रायमर मारलेला नाही" एवढंच बोलले होते. तरीही ताईने होकार दिला.

त्यांची लेक सात वर्षांची. सतत गुणगुणते म्हणून आम्ही तिला भुंगी म्हणतो. सुट्टीच्या दिवशी भावोजी डब्याच्या तळाशी उरलेला रंग घरी आणायचे आणि तिच्या हातापायांची नखं रंगवायचे. कधी टॅक्सीचा पिवळा, कधी कुणाच्या जीपचा लाल. शाळा उघडायच्या आत थिनरच्या बोळ्याने पुसूनही टाकायचे. ताई वासाने कावायची, बापलेक खुदुखुदु हसायची. मीही हसायचे.

मग भुंगीचं गुणगुणणं थांबलं. पाय दुखायचे, ताप हटेना, अंगावर निळे डाग उठले. रक्त तपासलं, हाडातला मगज तपासला. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे. उपचार लांबतील, पण या वयातली बरीच मुलं बरी होतात. ताई रडायला लागली. भावोजींनी एकच विचारलं, "थिनरमुळे?"

"कशामुळे होतो ते बहुतेक वेळा कळतच नाही," बाई म्हणाल्या. "नखं रंगवली म्हणून झालं, असं समजू नका. हे कुणामुळे झालेलं नाही."

पण ऐकतील तर ते भावोजी कसले! त्या दिवसापासून हॉस्पिटलातल्या लेकीच्या खोलीत पाऊल टाकेनात. औषधं आणायची, डबा आणायचा आणि दाराबाहेर उभं राहायचं. साबणाने घासून घासून हात सोलवटले होते. "याच हातांनी वाटोळं केलं तिचं," म्हणायचे. मला कीव यायची आणि संतापही. अपराध यांच्या मनात, शिक्षा पोरीला!

एका दुपारी ताई जरा पडली होती. मी भुंगीचे मोजे बदलायला घेतले, तर तिने डावा पाय आखडून घेतला. करंगळीच्या नखावर टोकाशी लाल रंग उरला होता.

"मावशी, बाबाला सांगू नकोस ना. तो पुसत होता तेव्हा मी हे बोट लपवलं. म्हणून मी आजारी पडले. म्हणूनच तो आत येत नाही."

 मी तशीच उठले आणि दार उघडलं.

"भावोजी, आत या. हा आजार स्वतःमुळेच झाला, असं तुमची लेक म्हणतेय."

ते आले. कॉटशी बसले आणि सोलवटलेल्या हातांत तिचं पाऊल धरलं.

"तू काही केलं नाहीस, भुंगे. हे कुणामुळेच झालेलं नाही."

"कुणामुळेच?"

"कुणामुळेच नाही."

"माझी शपथ?"

 लेकीची खोटी शपथ कुठला बाप घेईल? भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. 

"तुझी शपथ," ते म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. पाऊल मात्र त्यांनी सोडलं नाही.