दाखला न घेता

गाव सोडताना मी कृपाचा शाळेचा दाखला घेतला नाही.

मिळत नव्हता म्हणून नव्हे. देणारे माझे वडीलच होते. तुमच्यापैकी जे गावात राहिले आणि जे मुंबई-पुण्याला पांगले, ते सगळे त्यांच्याच हाताखालून गेले आहेत. तुम्ही त्यांना मास्तर म्हणता, मी बाबा म्हणतो, आणि घाबरतो आपण सगळे सारखेच. त्या सकाळी बैलगाडी चर्चपाशी उभी होती. गाडीत ट्रंक, पाटा-वरवंटा, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, माझी बायको रूथ आणि सहा वर्षांची कृपा. समोर चाळीस पावलांवर शाळा. सुट्टी होती, तरी बाबा ओसरीवर टेबल टाकून बसले होते. टेबलावर दाखल्यांचं पुस्तक उघडं, दौतीचं झाकण काढलेलं. मी येऊन मागेन म्हणून ते थांबले होते. ते उठून देतील म्हणून मी थांबलो होतो. गाडीवान आम्हां दोघांसाठी थांबला होता. शेवटी बैलांनाच कंटाळा आला आणि ते चालू लागले.

भांडण आदल्या दिवशीचं. मिशनच्या लोणावळ्याच्या बंगल्यावर मला राखणदाराची नोकरी लागली होती. हुद्दा केअरटेकर. हा शब्द मी गावभर इतका मिरवला की लोकांना वाटलं, मी साहेबच झालो. बाबा एवढंच म्हणाले, "पोरीचा दाखला घेऊन जा." मी म्हटलं, "कशाला? मी तिला घरीच शिकवणार. ख्रिस्ती घर आहे. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आहे, शास्त्र आहे, गायनं आहेत. शाळेत याहून वेगळं काय असतं?"

"मास्तर असतो," बाबा म्हणाले.

हे मला लागलं. चौथीत मी दोन वर्षं काढली होती, आणि दोन्ही वर्षं मास्तर तेच होते.

पण घरी शिकवायचं, हे सगळंच माझ्या अहंकारातून आलेलं नव्हतं. त्यात रूथचाही जीव गुंतला होता. ती सहा वर्षांची असताना तिच्या आईवडिलांनी तिला मिशनच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. तिथं प्रत्येक मुलीला नंबर होता. फ्रॉकवर नंबर, ताटावर नंबर. तिचा पितळी पेला अजून आमच्याकडे आहे आणि त्यावर सतरा हा आकडा कोरलेला आहे. लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच अट घातली होती: आपलं पोर बोर्डिंगला जाणार नाही. मी तेव्हा काहीही कबूल केलं असतं. पण हे मनापासून कबूल केलं होतं.

बंगला लोणावळ्याचा म्हणायचा एवढंच. स्टेशनपासून डोंगराच्या कडेनं दीड तास चालायचं. उन्हाळ्यात दोन महिने सीझन. पाळक आणि मडमा हवा खायला यायच्या, "शामुवेल, गरम पाणी" अशा हाका ऐकू यायच्या. बाकीचे दहा महिने आम्ही तिघं, धुकं आणि भिंतींना चढणारं शेवाळ. वरच्या अंगाला डोंगरातली एक वाडी, खालच्या अंगाला गाव आणि गावात एका गुरुजींची शाळा. गाव आणि आमच्यामध्ये ओढा. पावसाळ्याचे चार महिने त्या ओढ्यात उतरायची म्हशीचीही छाती होत नसे.

तिथं माझी घरशाळा सुरू झाली. सुरुवात दणक्यात. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा मिळवून व्हरांड्यात टांगला, ती घंटा. हजेरीची वही आखली. विद्यार्थी एक. रोज सकाळी मी घंटा वाजवायचो, खुर्चीत बसून हाक मारायचो, "कृपा शामुवेल!" आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून ओरडायची, "हजर!" मुख्याध्यापक मी. रूथला मी सहायक शिक्षिका नेमलं. तिनं पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून सांगितलं, "हेडमास्तर, आधी पाणी भरा."

गणित मी शिकवलं ते शेर आणि मणाचं. चाळीस शेरांचा एक मण, हे तिच्याकडून इतकं घोटून घेतलं की झोपेतही चुकली नसती. मग एकदा लोणावळ्याच्या बाजारात नेलं, तर दुकानदार किलो आणि ग्रॅम बोलायला लागला होता. कृपा माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, "हा माणूस चुकतोय."

वाचनाचं मात्र मला काही करावंच लागलं नाही, असं मला वाटत होतं. गावी चार महिने ती बिगरीत बसली होती, तेव्हा अक्षरं बाबांनी शिकवली असणार हे मी धरून चाललो. मी आपली माझ्या लहानपणच्या, रविवारच्या शब्बाथ-शाळेची रीत वापरली. मी ओळीवर बोट ठेवून एक वाक्य म्हणायचो, मग ती बोट ठेवून तेच वाक्य म्हणायची. पाटीवर मी लिहिलं की खाली हुबेहूब काढायची. काना-मात्रा माझ्यापेक्षा सुबक. सहा महिन्यांत ती संध्याकाळच्या प्रार्थनेला शास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन अख्खं स्तोत्र वाचू लागली. खणखणीत आवाज, कुठं अडखळणं नाही. सीझनला आलेल्या एका म्हाताऱ्या पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "शामुवेल, तुमचं घर म्हणजे विद्यालय आहे." मी ते वाक्य त्याच दिवशी कार्डावर लिहून बाबांना पाठवलं. बाबांचं उत्तर आलं: "विद्यालयमधला द चुकला आहे."

खालच्या शाळेचे गुरुजी एकदा चढण चढून आले. भला माणूस. घाम पुसत म्हणाले, "पोरीला पाठवा. माझा पटही वाढेल आणि तिला सोबत मिळेल." मी कारण शोधत होतो. म्हटलं, "दसऱ्याला तुमच्याकडे पाटीवर सरस्वती काढतात. आम्ही ख्रिस्ती लोक." ते म्हणाले, "मग तिनं फूल काढावं. माझी कुठं ना आहे? पावसाळ्यात ओढ्यापलीकडं, गावातच माझ्या बहिणीकडं राहील. फक्त दाखला मागवून घ्या, पोस्टानं येतो." एक कार्ड लिहायचं काम होतं. पण त्या कार्डावर "बाबा, दाखला पाठवा" एवढे शब्द लिहावे लागले असते. मी गुरुजींना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

माझ्या शाळेची खरी तपासणी केली ती वाडीतल्या सखूमावशीनं. ती मोळी घेऊन यायची आणि व्हरांड्यात बसून आमची शाळा बघायची. तिला अक्षर ओळखीचं नाही. एक दिवस म्हणाली, "भाऊ, तुमची पोर वाचताना पुस्तकाकडं बगतच न्हाई. तुमच्या तोंडाकडं बगती."

मी हसलो. म्हटलं, "मावशी, वाचन कसं असतं ते तुम्हांला काय ठाऊक?"

"व्हय, त्ये बी खरंच हाय," ती म्हणाली आणि तंबाखू चोळत बसली.

दुसऱ्या नाताळानंतर बाबा आले. न कळवता. स्टेशनपासून एकटे चालत, काखेत वळकटी. मी घंटा वाजवून शाळा भरवली, त्यांना पाहुणे म्हणून खुर्ची दिली. हजेरी झाली. कृपानं शास्त्र उघडलं आणि स्तोत्र म्हटलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला एक कागद काढला, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "बाळ, आता हे वाच."

कृपानं कागद उलगडला. वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. तो कागद मी कधी वाचून दाखवला नव्हता. मग तिनं बोट पुढं सरकवत, तशाच खणखणीत आवाजात, पुन्हा तेच स्तोत्र म्हणायला सुरुवात केली.

बाबांनी तिला मध्ये थांबवलं नाही. शेवटचा शब्द होईपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "छान पाठ केलंस."

तो कागद तिचा दाखला होता. त्यावर पहिल्याच ओळीत तिचं नाव होतं.

मला वाटतं, त्या वेळी मी उठून रुळाचा तुकडा पुसायला लागलो. बाबांनी तिला जवळ घेऊन विचारलं, "कधीपासून वाचता येत नाही?" ती म्हणाली, "पहिल्यापासून." "मग सांगितलं का नाहीस?" तर ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पप्पा म्हणाले होते, वाचलं नाहीस तर बोर्डिंगला टाकीन."

म्हणालो होतो. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात, उगाच, मास्तर असल्यासारखं वाटावं म्हणून. त्यानंतर मी ते विसरून गेलो. तिनं मात्र घर सुटू नये म्हणून दोन वर्षं अख्खी पानंच्या पानं पाठ केली. एवढ्या कष्टात ती चार वेळा वाचायला शिकली असती.

रूथ दारात उभी होती. हे ऐकून ती आत चुलीकडे वळली.

दोन दिवस आम्ही सगळे नुसते वावरत होतो. मी बाबांना म्हटलं, आता खालच्या गुरुजींकडे घालतो. बाबा म्हणाले, "आठ वर्षांची पोर पाच वर्षांच्या पोरांत बसणार, आणि चार महिने परक्या घरी राहणार. तसं करायचं तर कर, ती तुझी मुलगी आहे." एरवी ते हुकूम सोडतात, या वेळी त्यांनी निर्णय माझ्यावर टाकला, आणि मला काही निर्णय घेता येत नव्हता. निर्णय रूथनं घेतला. भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुम्हीच घेऊन जा तिला. घरी सकाळ-संध्याकाळ शिकवा. आपल्या माणसांत राहील." जिनं माझ्याशी एका अटीवर लग्न केलं, तिनं स्वतःच्या तोंडानं ती अट सोडली. संध्याकाळी तिनं तो पितळी पेला राख आणि विटेच्या तुकड्यानं घासायला घेतला. सतराचा आकडा काही गेला नाही. मग पेला परत फळीवर ठेवला आणि कृपाच्या सामानात नवा, कोरा पेला बांधला.

लोणावळ्याला मी त्यांना गाडीत बसवून दिलं. या खेपेला दाखला सोबत होता, बाबांच्या आतल्या खिशात. गाडी हलायच्या आधी मी विचारलं, "बाबा, तुम्ही हा कधी लिहिलात?" ते म्हणाले, "तारीख बघितली नाहीस? तुमची बैलगाडी वळणावर गेली तेव्हा." म्हणजे मीही तो कागद नीट वाचला नव्हता.

आता तुम्हां गावातल्या लोकांना हे लिहायचं कारण. मी घर सोडून इकडे आलो आणि माझं घर तुमच्याकडे परत गेलं. तुम्ही तिला रोज शाळेत जाताना बघता. मी बघत नाही. तिच्या फ्रॉकची उसवण कोण शिवतं? थंडीत तिला खोकला होतो, तो यंदा झाला का? आणि जे माझ्यासारखे गाव सोडून गेलात, त्यांना एवढंच सांगतो, की निघताना दाखला घ्या. माणूस फुशारकीत निघतो, पण पोरांना कागद लागतो.

इथं सगळं जागच्या जागी आहे. घंटा मी वाजवत नाही. हजेरीच्या वहीत मात्र पहिले काही आठवडे रोज एक फुली मारत होतो, गैरहजर म्हणून. एक दिवस रूथनं वही उचलली आणि चुलीवरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही इतकी आत ठेवली. कुणी विचारलं, तुमचं घर कुठं, तर पूर्वी मी गावाचं नाव सांगायचो, नंतर लोणावळ्याचं. आता आधी विचारतो, आज वार कोणता? कारण गुरुवारी पोस्टमन खालच्या गावात येतो.

गेल्या गुरुवारी कृपाचं पहिलं कार्ड आलं. स्वतःच्या हातानं लिहिलेलं. अक्षर बाबांसारखं ताठ. लिहिलंय की जाताना आजोबांनी गाडीत प्रत्येक स्टेशनची पाटी दाखवली, मला एकही वाचता आली नाही. सुट्टीत येताना मी सगळ्या वाचणार आहे, बेगडेवाडीसुद्धा. खाली बाबांच्या लाल शाईत दोन दुरुस्त्या. आणि एका कोपऱ्यात: आईला सांगा, पेला हरवला नाही.

ते कार्ड मी रूथला वाचून दाखवलं. मग परत दाखवलं. मग ती पाण्याला गेली, तेव्हा मोळी घेऊन आलेल्या सखूमावशीला समोर बसवून वाचायला घेतलं, मोठ्यानं, कुठं न अडखळता, मास्तरांच्या थाटात. बेगडेवाडीपर्यंत आलो आणि मावशीनं हात वर केला. माझ्या हातातल्या कार्डाची तिकिटाची बाजू तिच्या तोंडासमोर होती.

"भाऊ," ती म्हणाली, "तिकिटावरचं चित्र खाली डोकं वर पाय झालंया. कार्ड उलटं धरलंय तुमी."