अस्तरात शिवलेल्या गोळ्या

डोळ्यांपुढे आणा, मंडळी: नारिन गावातलं लग्नघर. कोपऱ्यात ताणलेला भरतकामाचा लाल पडदा, त्याआड डोकं झुकवून बसलेली नवरी, आणि अलीकडे बायकांची झुंबड.

"अगं, नाक तरी दिसू दे! सून आणलीय की लपवायची मिठाई?"

नवरी म्हणजे आमची मीरिम. आमच्या नाटक कंपनीचे पोशाख शिवायची. तिला लहानपणापासून अपस्मार. आईने आधी मांत्रिक केले. कुणी धूर दिला, कुणी चाबूक नाचवला. मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि झटके थांबले. नाटकात मी राणी व्हायचे, त्या झग्यावरचा एकेक मणी तिच्या हातचा. टाका कधी वाकडा नाही.

पाठराखीण म्हणून पडद्याआड मी होते. मला एजे, म्हणजे ताई, म्हणणारी ती कुजबुजली, "एजे, आईने गोळ्या बंद केल्यात. सासरी कळलं तर परत पाठवतील म्हणाली."

"कधीपासून?"

"परवापासून. थोड्या मी या झग्याच्या अस्तरात शिवून आणल्यात."

"मग घे की, वेडे!"

"कशी घेऊ? सगळ्या सारख्या आत डोकावतायत. एजे... अंगठा उडायला लागलाय."

झटक्याआधी तिला असंच व्हायचं. तेवढ्यात सासू बुबुसारा पांढरा रुमाल घेऊन आली. तो डोक्यावर बांधला की मुलगी त्या घरची.

"सरका गं! सून आहे माझी, बाजारातली मेंढी नव्हे!"

तिने पडदा सारला आणि मीरिम कोसळली. सगळं अंग झटके देऊ लागलं.

"झपाटलीय! दातांत चमचा घाला!" बायका ओरडल्या.

"खबरदार!" नाटकातला सगळा आवाज मी तिथे लावला. "तोंडात काही घालायचं नाही. दुखणं आहे ते, भूत नाही." तिला कुशीवर वळवलं, गळ्यातले मणी सैल केले. "डोक्याखाली मऊ काही द्या!"

कुणी हललं नाही. बुबुसारा रुमाल मुठीत आवळून उभी. मग ती खाली बसली, रुमालाची घडी केली आणि मीरिमच्या डोक्याखाली सरकवली.

झटके थांबले. बऱ्याच वेळाने मीरिम पुरती शुद्धीवर आली. डोक्याखालचा रुमाल तिने चाचपला, सासूकडे पाहिलं. मी घाईघाईने पडदा ओढायला गेले, तर तिने माझी बाही धरली.

"राहू दे, एजे. अस्तर उसव. गोळी इथेच घेते, यांच्यासमोर."