ज्वारीच्या कोठीतला खण

निलंग्याच्या बाजारात उमाबाईंना ओळखत नाही असा भाजीवाला नाही, आणि त्यांना बघून खूश होतो असाही नाही. उमाबाई भेंडीचं टोक मोडून बघतात, वांग्याला नख लावतात आणि तराजूचा काटा थांबेपर्यंत दुसरीकडे बघत नाहीत. गॅसचं सिलिंडर आलं की वजन करून घेतात, सील चाचपतात, आणि तो माणूस गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत दारात उभ्या राहतात. दूधवाल्याशी त्यांचा चौदा वर्षांचा रतीब आहे. चौदा वर्षांत एकदाही त्याच्या दुधाला त्यांनी बरं म्हटलेलं नाही, आणि रतीबही मोडलेला नाही.

हे त्यांना माहेरातून आलं. उदगीरच्या त्यांच्या आईने त्यांना स्वयंपाकाच्या आधी गाठ मारायला शिकवली होती. पुरचुंडीला दोन वेढे घ्यायचे, फडक्याचा शेव डाव्या अंगाने आत खुपसायचा आणि वरून अंगठ्याने दाबून चपटा करायचा. कुणी पुरचुंडी उघडून परत बांधली तर तो शेव हटकून उजवीकडून खुपसतो, आणि चोरी कळते. उमाबाईंच्या घरात हळदीपासून चांदीच्या निरांजनापर्यंत सगळं या गाठीत बांधलेलं असतं.

लग्न होऊन त्या लातूरला आल्या. नवरा गुरुलिंगअप्पा, भांड्यांचा दुकानदार. स्वभावाने इतका सरळ की गिऱ्हाईक म्हणेल त्या किमतीला मान डोलावायचा. भांड्यांवर नाव घालायचं यंत्र मात्र तो स्वतः चालवायचा आणि अक्षर मोत्यासारखं काढायचा. बारा वर्षं पाळणा हलला नाही. दवाखाने झाले, नवस झाले, आणि शेवटी एक दिवस दोघं नांदेडच्या एका शिशुगृहात जाऊन बसले. पाच महिन्यांची मुलगी होती. तिने उमाबाईंच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीला जी मूठ घातली ती सोडेचना. उमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट न तपासता घेतली.

स्वामींना बोलावून मुलीला लिंग बांधलं, नाव ठेवलं अक्षरा. अप्पांनी त्याच संध्याकाळी एका छोट्या वाटीवर ते नाव घातलं. आणि मुलगी वर्षाची व्हायच्या आत लातूरचं बिऱ्हाड मोडून, कुणी विचारणारं नाही अशा निलंग्यात दुकान टाकलं. इथे खरी गोष्ट ठाऊक असलेली माणसं तीनच. हे नवराबायको आणि अप्पांची विधवा बहीण मल्लम्मा, जी मागच्या गल्लीत राहते.

कोर्टाचा दत्तकाचा कागद उमाबाईंनी कडुनिंबाच्या पाल्यात घालून हिरव्या खणात बांधला, आपली गाठ मारली आणि ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत तळाला ठेवला. दर उन्हाळ्यात नवी ज्वारी भरायच्या वेळी त्या अक्षराला पाला आणायला पिटाळायच्या, खण बाहेर काढून गाठ बघायच्या, शेव डावीकडून आत असला की समाधानाने परत ठेवून वर पोती रिकामी करायच्या. अप्पा दरवर्षी म्हणायचे, "सांगून टाकू की पोरीला." उमाबाई म्हणायच्या, "थांबा की जरा." आधी पहिलीत जाईपर्यंत थांबायचं होतं, मग चौथी होईपर्यंत, आता दहावीपर्यंत.

एवढ्यात ती मालिका सुरू झाली.

संध्याकाळी साडेसातला लागायची. तिच्यातली सानवी सोळा वर्षांची, मोठ्या घराने दत्तक घेतलेली. आधी गुणाची होती. मग मालिका रेंगाळायला लागली तशी ती बिघडत गेली. खोटं बोलायला लागली, कपाटातल्या वस्तू नाहीशा होऊ लागल्या, आणि घरातली आजी दर भागात एकदा तरी पदर सावरत म्हणायची की शेवटी रक्त कुणाचं आहे ते बघा. मल्लम्माला ही आजी भारी आवडायची. ती रोज साडेसातच्या आत येऊन खुर्ची धरायची.

"बघ उमा," ती म्हणायची, "कितीबी जीव लावा. रक्त निघाल्याबिगर ऱ्हात न्हाई."

"हाव अक्का," उमाबाई म्हणायच्या. मागे भिंतीला टेकून अक्षरा गणितं सोडवत असायची. ती या बोलण्यात कधी पडायची नाही.

उमाबाईंनी आजवर भाजीवर, दुधावर, सिलिंडरवर खर्च केलेली नजर आता मुलीवर वळली. आणि नजर लावली की काही ना काही दिसतंच. अक्षराला दुकानात तेलाची पिशवी दिली की ती आधी उलटी करून तारीख बघते, मग वास घेते, मग शिवणीवरून बोट फिरवते. रिक्षावाल्याने सुटे दिले की दोनदा मोजते. वहीच्या पानांमध्ये धाग्याचा तुकडा ठेवते, कुणी वही उघडली तर कळावं म्हणून. एवढीशी पोर, आणि जगावर हा अविश्वास! हिला ही सवय कुठून लागली असेल याचा उमाबाईंनी फार विचार केला. आपल्या घरात तर असं कुणी नाही, असं त्यांच्या मनाने त्यांना सांगितलं. मग नांदेडच्या त्या शिशुगृहामागे कोण बाई उभी असेल, तिची नजर कशी असेल, हात कसे असतील, हे त्यांना दिसायला लागलं. चौदा वर्षांत त्यांनी त्या बाईचा विचार केला नव्हता. आता ती रोज साडेसातला मल्लम्माशेजारी येऊन बसायला लागली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी अक्षरा पहाटेच निघाली. लातूरला विज्ञान प्रदर्शन आहे, मैत्रीण लुंबिनी सोबत आहे, असं सांगून गेली ती दिवेलागणीला आली. जेवली नाही. सोमवारी तिचा गणवेश धुवायला घेताना उमाबाईंनी खिसा उलटा केला, कारण त्या सगळ्यांचेच खिसे उलटे करतात, आणि हातात एसटीचं अर्धं तिकीट आलं. लातूर ते नांदेड.

उमाबाई बादलीशेजारी खाली बसल्या. नळ वाहत राहिला.

पण त्या काही लगेच आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुपारी लुंबिनी वही न्यायला आली तेव्हा तिला दारातच गाठून त्यांनी गोड आवाजात विचारलं, "काय काय बघितलं गं प्रदर्शनात?"

लुंबिनी गडबडली. "ज्वालामुखी होता मावशी. धूर निघत होता."

संध्याकाळी तोच प्रश्न अक्षराला. "सौरचूल," अक्षरा म्हणाली, वहीतून मान न काढता. "बाकी काय न्हवतं विशेष."

ज्वालामुखी आणि सौरचूल! उमाबाईंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. त्या दिवशी मालिकेत सानवी आईचा हार घेऊन स्टेशनवर आपल्या जन्मदात्रीला भेटायला पळाली. मल्लम्मा टाळी वाजवायचीच बाकी राहिली होती. मालिका संपल्या संपल्या उमाबाईंनी आत जाऊन कपाटातले सगळे डागदागिने काढले. बोरमाळ होती, पाटल्या होत्या, अक्षराच्या बारशाचे वाळेसुद्धा होते. एकूणएक वस्तू जागेवर. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी एखादी अंगठी कमी निघाली असती तर उमाबाईंना बरं वाटलं असतं. निदान काय झालंय ते कळलं असतं.

मग त्यांना कोठी आठवली.

दुसऱ्या दिवशी अप्पा दुकानात आणि अक्षरा शाळेत गेल्यावर त्यांनी कोठी आडवी केली. तळाला पायलीभर ज्वारी उरली होती, ती फरशीवर ओतली. दाण्यांबरोबर हिरवा खण घरंगळत बाहेर आला. उमाबाईंनी तो उजेडात धरला. दोन वेढे. शेव डावीकडून आत. वरून अंगठ्याने दाबलेला.

"महादेवा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मोकळा श्वास घेतला. कुणी हात लावलेला नव्हता.

खण परत ठेवणार, तेवढ्यात त्यांना वास आला. कडू, ताजा. चौदा वर्षांपूर्वी घातलेल्या पाल्याचा आता भुगासुद्धा उरायला नको होता. त्यांनी गाठ सोडली. आत सावलीत वाळवलेला, अजून हिरवा असलेला कडुनिंबाचा पाला होता. कागद नव्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, घड्या जिथे फाटत आल्या होत्या तिथे मागून पारदर्शक पट्टी लावलेली. पाला गेल्या उन्हाळ्यातला असावा. पट्ट्या मात्र एका वर्षाच्या नव्हत्या. काही पिवळ्या पडल्या होत्या, काही नव्या होत्या.

अक्षरा शाळेतून आली तेव्हा आई ज्वारीच्या मधोमध बसलेली होती. चहा झालेला नव्हता, दिवा लावलेला नव्हता. मुलीने आधी ज्वारी बघितली, मग खण. दप्तर तसंच पाठीवर ठेवून ती उंबऱ्याशी थांबली.

"नांदेडला कशाला गेलतीस?" उमाबाईंनी विचारलं.

अक्षराने दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरले.

"खोटं बोललीस. त्या लुंबिनीला खोटं बोलायला लावलंस. कोणाला भेटून राहिलीस तिथं? मला न सांगता? रक्तच तसलं—" त्या बोलून गेल्या आणि तिथेच थांबल्या. पण मालिकेतली आजी रोज म्हणते ते वाक्य घरात एकदा मोठ्याने म्हणून झालं होतं.

अक्षराने दप्तर उतरवलं. "पाचवीत असताना सापडला कागद," ती म्हणाली. "तू पाला आणायला धाडलीस, मी पिशवी विसरले म्हणून मागारी आले. तू खण काढून बघत होतीस. तू बाजारला गेल्यावर मी उघडला. आतला पाला सगळा भुगा झालता, कागदाला कसर लागाय आलती. म्हणून दरसाली कोठी तळाला आली की मीच बदलते."

"मला सांगितलं न्हाईस."

"तूबी न्हाईस सांगितलं."

उमाबाईंनी खण पुढे केला. "आणि ही गाठ? ही कुणी शिकवली तुला? मी तर कुणालाच न्हाई शिकवली."

"कुणी न्हाई." अक्षराला प्रश्नच कळला नाही. "आपल्या घरात अशीच बांधतात की. मला दुसरी येतच न्हाई."

उमाबाईंनी खणाकडे बघितलं. मग त्यांना ती तेलाची पिशवी आठवली, उलटी करून वास घेतलेली. रिक्षावाल्याचे सुटे आठवले. वहीतला धागा आठवला. महिनाभर ज्या खुणा गोळा करून त्या नांदेडच्या बाईच्या नावावर टाकत होत्या, त्या एकेक करून परत आल्या आणि त्यांच्याच पदरात पडल्या. त्यांना इतकी शरम वाटली की मुलीच्या तोंडाकडे बघवेना.

"मग आता गेलीस कशाला?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "इतकी वर्षं न्हाई गेलीस."

अक्षरा खाली बसली आणि ज्वारीतले खडे वेचायला लागली. "तू आणि आत्या रोज म्हणता, रक्त निघतंच. सानवी चोरी करती, तुम्ही म्हणता, बघा. मला भ्या वाटलं. मला वाटलं, माझ्यातबी काय तरी असंल, आज न्हाई तर उद्या निघंल. म्हणून विचारायला गेलते, माझी ती आई कशी होती. चोर होती का." तिने वेचलेला खडा परत ज्वारीतच टाकला. "मी रोज सकाळी उठून बघून राहिले आई, की मी बिघडले का."

उमाबाईंनी तिला ओढून जवळ घेतलं. सगळी ज्वारी दोघींच्या खाली विस्कटली. आपण चौदा वर्षं या पोरीला दुधातल्या पाण्यापासून जपलं आणि रोज साडेसातला स्वतःच्या हाताने तिच्या मनात विष घातलं, हे त्यांना कळलं, आणि त्या मोठ्याने रडल्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने आधी तिचं तोंड पुसलं, मग आपलं. "काय म्हणाले तिथं?"

"काय न्हाई सांगितलं. फाटकातल्या बाईनं माझं वय विचारलं. म्हणाली, एकटीला न्हाई सांगता येत. आईला घेऊन ये."

दार वाजलं. मल्लम्मा होती, साडेसातला पाच मिनिटं कमी होती. उमाबाईंनी दार अर्धंच उघडलं. "अक्का, आज टीव्ही बंद हाय."

"बिघडला का काय?"

"न्हाई. बंद हाय," उमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

अप्पा आले तेव्हा मायलेकी ज्वारी भरत होत्या. दत्तकाचा कागद रेशनकार्ड ठेवायच्या डब्यात गेला होता. अप्पांनी डबा बघितला, दोघींची तोंडं बघितली, आणि चहाचं आधण ठेवलं.

पहाटे उमाबाईंनी धपाट्याचं पीठ मळलं. अक्षरा उठून आली, तिने तव्याशेजारची चळत बघितली आणि सवयीने मोजली.

"आई, नांदेडला आपण दोघीच चाललोय ना? मग हे तिघींचं कशाला?"

उमाबाईंनी धपाटे फडक्यात घातले, दोन वेढे घेतले, शेव डावीकडून आत खुपसला.

"ती भेटलीच तर," त्या म्हणाल्या, "तिला उपाशी ठेवायचं का?"